यॉर्कशायरला साउथ रायडिंग का नाही?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुने इंग्रजी दस्त, नकाशे आणि घराण्यांच्या नोंदी वाचताना अडलेल्या वाचकांची पत्रं गेल्या काही महिन्यांत आली. त्यांतली बरीच यॉर्कशायरची निघाली. इंग्लंडमधली ही सर्वांत मोठी जुनी काउंटी आणि तिचे विभागही इतरांहून वेगळे. म्हणून या वेळची सगळी जागा तिलाच दिली आहे.

प्रश्न : जुन्या नकाशावर यॉर्कशायरचे नॉर्थ रायडिंग, ईस्ट रायडिंग आणि वेस्ट रायडिंग असे तीन भाग दिसतात. साउथ रायडिंग का नाही? आणि या ‘रायडिंग’चा घोडेस्वारीशी काही संबंध आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

घोडेस्वारीशी संबंध नाही. शब्द आला आहे तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून. ८६६ मध्ये डेन लोकांच्या सैन्याने यॉर्क घेतलं. दहा वर्षांनी, ८७६ मध्ये, हाफडान या त्यांच्या पुढाऱ्याने तिथली जमीन आपल्या माणसांत वाटून दिली आणि लढायला आलेली माणसं नांगर धरून तिथेच राहिली. त्यांच्या भाषेत तिसऱ्या हिश्शाला ‘थ्रिडयुंगर’ म्हणत. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘थ्रिडिंग’ झालं. आता ‘नॉर्थ थ्रिडिंग’ भरभर म्हणून पाहा. दोन ‘थ’ एकमेकांत मिसळतात. ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’च्या शेवटच्या ‘ट’नेही पुढचा ‘थ’ गिळला आणि मागे राहिलं ते ‘रिडिंग’, म्हणजे आजचं रायडिंग. आपला ‘तृतीय’ आणि हा शब्द मुळात एकाच कुळातले आहेत.

म्हणजे रायडिंग हा तृतीयांश. तीन तृतीयांशांत वाटणी पुरी झाली, चौथ्याला जागाच उरली नाही. आजच्या नकाशावरचं ‘साउथ यॉर्कशायर’ हे १९७४ सालचं आहे. शेफील्ड, डॉनकास्टर, रॉदरम आणि बार्न्सली यांचा तो पट्टा जवळजवळ सगळा जुन्या वेस्ट रायडिंगमधून काढला आहे.

सीमा बहुतेक नद्यांच्या आहेत. ढोबळमानाने नॉर्थ आणि ईस्टच्या मध्ये डरवेंट, ईस्ट आणि वेस्टच्या मध्ये ऊझ. तिन्ही रायडिंगं यॉर्क शहरापाशी येऊन मिळतात, आणि शहर मात्र तिघांपैकी कोणाचंच नाही.

नकाशावरच्या रंगांपेक्षा कामकाजातला फरक अधिक महत्त्वाचा. काउंटीचा शेरीफ एकच असे, पण प्रत्येक रायडिंगला आपला लॉर्ड लेफ्टनंट (राजाचा प्रतिनिधी) आणि आपलं त्रैमासिक न्यायालय, म्हणजे क्वार्टर सेशन्स. नॉर्थ रायडिंगचं कामकाज नॉर्थअॅलर्टनला चाले, ईस्टचं बेव्हर्लीला. वेस्ट रायडिंग अवाढव्य, म्हणून तिथले न्यायाधीश वेकफील्ड, पाँटिफ्रॅक्ट, स्किप्टन, लीड्स, डॉनकास्टर असे गावोगाव फिरत. १ एप्रिल १८८९ रोजी तिघांना तीन स्वतंत्र काउंटी कौन्सिलंही मिळाली. थोडक्यात, राज्यकारभाराच्या दृष्टीने रायडिंग म्हणजेच काउंटी. नुसतं ‘यॉर्कशायर’ एवढ्यावर दफ्तर शोधायला जाणाऱ्याला काही सापडत नाही, ते यामुळेच.

प्रश्न : वॉपनटेक म्हणजे नेमकं काय? त्याला तालुका म्हणावं का? आणि एखादं गाव कोणत्या वॉपनटेकमध्ये होतं हे शोधायचं कसं? (इतिहासाचे शिक्षक, सातारा)

तालुका म्हटलं तर रायडिंगच्या खालच्या पायरीचा अंदाज बरोबर येतो. पण तालुक्याला कचेरी असते, वॉपनटेकला सुरुवातीला असायचं एखादं झाड, दगडी क्रूस, टेकडी, पूल किंवा नदीचा उतार. आसपासच्या गावांची मोकळी माणसं तिथे उघड्यावर जमायची. नॉर्स भाषेत ‘वाप्नाटाक’ म्हणजे शस्त्र हाती घेणं. सभेत एखादी गोष्ट मान्य असली की शस्त्र उंचावून ती मान्यता दाखवण्याची चाल होती. दक्षिण इंग्लंडात याच पायरीला ‘हंड्रेड’ म्हणतात. १०८६ च्या डूम्सडे, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-कराच्या पाहणीत नॉर्थ आणि वेस्ट रायडिंगमध्ये वॉपनटेक दिसतात, ईस्ट रायडिंगमध्ये मात्र अजून हंड्रेडच आहेत. तिथे वॉपनटेक हा शब्द नंतर रुळला.

सभेची जागा नावात जशीच्या तशी राहिली आहे. स्टेनक्रॉस म्हणजे दगडी क्रूस. ऑस्गोल्डक्रॉस आणि यूक्रॉस हीदेखील क्रुसाची नावं. बार्कस्टन अॅश हा बार्कस्टनचा अॅश वृक्ष, अॅगब्रिग हा वेकफील्डजवळचा पूल, स्ट्रॅफर्थ हा नदीचा उतार. क्लारो ही नेअर्सबरोजवळची टेकडी. डूम्सडेत याच वॉपनटेकला ‘बर्गशायर’ म्हटलं आहे, तेव्हा त्या दोन नावांनी दोन प्रदेश समजू नका. नॉर्थ रायडिंगमधलं लँगबार हे ग्रेट एटनजवळच्या लांबट डोंगरधारेचं नाव.

यांतलं एक आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांच्या ओळखीच्या गावात आहे. लीड्समधल्या हेडिंग्लीत एक जुनं ओकचं झाड होतं. ‘स्किरॅक’ वॉपनटेकची सभा त्याखाली भरे अशी परंपरा आहे, आणि वॉपनटेकचं नावही ‘स्किर’ आणि ‘आक’, म्हणजे ओक, यांचं मिळून झालेलं. झाड १९४१ मध्ये कोसळलं. चर्चसमोरच्या दोन जुन्या पबांपैकी एकाचं नाव ‘ओरिजिनल ओक’ आणि दुसऱ्याचं ‘स्किरॅक’. शेजारून जाणाऱ्या बहुतेकांना ते हजार वर्षांपूर्वीच्या तालुक्याचं नाव आहे याचा पत्ता नसतो, याची खरोखर हळहळ वाटते.

ईस्ट रायडिंगमध्ये नंतरच्या काळात सहा वॉपनटेक होते: बकरोझ, डिकरिंग, हार्टहिल, होल्डरनेस, हाउडनशायर आणि ऊझ अँड डरवेंट. हार्टहिल मोठा म्हणून त्याचे चार पोटविभाग पाडले होते आणि त्यांना टेकड्यांवरच्या इशाऱ्याच्या जाळांवरून नावं दिली: बेंटन बीकन, होम बीकन, हन्सली बीकन, विल्टन बीकन. दस्तात ‘विल्टन बीकन’ दिसलं तर तो वेगळा वॉपनटेक समजू नये, तो हार्टहिलचाच भाग. वेस्ट रायडिंगमध्ये उलट प्रकार आहे. तिथे अॅगब्रिग आणि मॉर्ली, तसेच स्ट्रॅफर्थ आणि टिकहिल ही नावं जोडीने येतात.

आता शोधायचं कसं. सर्वांत सोपी वाट म्हणजे १८०१ ते १८३१ च्या चार जनगणनांची छापील कोष्टकं. ती रायडिंग, त्याखाली वॉपनटेक आणि त्याखाली गाव अशीच रचली आहेत. एकोणिसाव्या शतकातले स्थलकोशही प्रत्येक गावापुढे वॉपनटेक देतात. १८५१ पासूनच्या जनगणनेत मांडणी बदलून नोंदणी जिल्ह्यांची झाली, म्हणून तिथे शोधू नका.

त्याहून मागे जायचं असेल तर चुलींवरचा कर. १६६२ ते १६८९ दरम्यान दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग, मार्च आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत वसूल होत. त्या याद्यांचं एक पान असं दिसतं: वर वॉपनटेकचं नाव, खाली गावाचं, मग डावीकडे घरमालकांची नावं आणि उजवीकडे चुलींचा आकडा. शेफील्डच्या भागात घरच्या चुलीबरोबर लोहाराची भट्टीही मोजलेली सापडते, म्हणजे आकडा मोठा असला की माणूस श्रीमंतच असा अर्थ होत नाही. गरिबांना माफी होती आणि सगळ्या वर्षांच्या याद्यांत माफीवाल्यांची नावं उतरलेली नाहीत. म्हणून नाव नाही यावरून माणूस गावात नव्हता असं ठरवता येत नाही.

एक मोठी गफलत टाळा. उत्तर इंग्लंडातलं पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा टापू, आणि आपण समजतो ते गाव एक नव्हे. हॅलिफॅक्सच्या जुन्या पॅरिशमध्ये वीसहून अधिक ‘टाउनशिप’ होत्या. टाउनशिप म्हणजे आपल्याकडच्या महसुली दस्तातलं ‘मौजे’. १६६२ च्या कायद्याने उत्तरेच्या काउंट्यांत गरिबांच्या पोषणाची जबाबदारी टाउनशिपवर टाकता आली, त्यामुळे कर, गरिबांच्या नोंदी आणि कॉन्स्टेबल हे सगळं टाउनशिपनिहाय आहे. शिवाय एखादं पॅरिश दोन वॉपनटेकांतही पसरलेलं असू शकतं. आधी टाउनशिप पक्की करा, मग वॉपनटेक.

प्रश्न : हडर्सफील्डजवळ होनलीमध्ये आम्ही जुनं दगडी घर घेतलं. सोबत जुन्या कागदांचा गठ्ठा मिळाला. एका दस्तावर ‘होनली, आल्मंडबरी पॅरिश, यॉर्क काउंटी’ असं आहे. त्याच्या पाठीवर वेकफील्डचं नाव, तारीख, वेळ, काही अक्षरं आणि दोन आकडे आहेत. आणि किंमत फक्त पाच शिलिंग लिहिली आहे! हे सगळं कसं वाचायचं? (एक कुटुंब, वेस्ट यॉर्कशायर)

तुमच्या हाती चांगला कागद आला आहे. पाठीवरच्या शेऱ्यापासून सुरुवात करू, कारण पुढची किल्ली तिथे आहे.

वेस्ट रायडिंगची दस्तनोंदणी कचेरी वेकफील्डला १७०४ मध्ये सुरू झाली. ईस्ट रायडिंगची बेव्हर्लीला १७०८ मध्ये आणि नॉर्थ रायडिंगची नॉर्थअॅलर्टनला १७३६ मध्ये. इंग्लंडमध्ये अशी सोय फार थोड्या ठिकाणी होती आणि ती काउंटीने नव्हे, रायडिंगांनी मिळवली. कारण कापडाचा धंदा. वेस्ट रायडिंगचे विणकर-व्यापारी स्वतःच्या जमिनीवर कर्ज काढून लोकर घेत. सावकाराला शंका अशी, की हीच जमीन याने आधी कोणाकडे गहाण टाकली नसेल कशावरून? नोंदवही असली की शंका मिटते. १७०४ च्या कायद्यात हे कारण सरळ शब्दांत दिलं आहे.

नोंदणी सक्तीची नव्हती, पण न नोंदवलेला दस्त नंतरच्या नोंदवलेल्या खरेदीपुढे टिकत नसे. म्हणून तर पाठीवर तारखेसोबत वेळही आहे. एकाच दिवशी दोघे आले तर पहिला कोण, हे त्या वेळेवर ठरायचं.

अक्षरं म्हणजे नोंदवहीच्या खंडाची खूण, पहिला आकडा पान आणि दुसरा नोंद क्रमांक. ही तीन अंगं जशीच्या तशी उतरवून घ्या आणि वेकफील्डच्या अभिलेखागारात द्या. तिथे मिळेल ते मूळ खत नव्हे. त्याला ‘मेमोरियल’ म्हणतात. आपल्याकडे खरेदीखत वेगळं आणि इंडेक्स टू वेगळा, तसंच समजा. मेमोरियलमध्ये दस्ताची तारीख, दोन्ही पक्षांची नावं, त्यांचं गाव आणि धंदा, मालमत्तेचं वर्णन आणि साक्षीदार येतात. वर्णनात शेतांची नावं असतात, कित्येकदा कसणाऱ्या कुळाचंही नाव असतं. किंमत मात्र बहुधा नसते आणि अटी-शर्तीही संक्षेपात असतात. तुमच्याकडे मूळ दस्त आहे, तेव्हा मेमोरियल मिळवण्याचा उपयोग दुसराच: त्या खंडाची सूची हाती आली की त्याच विकणाऱ्याचे आधीचे-नंतरचे व्यवहार शोधता येतात. सूचीत विकणाऱ्याच्या नावापासून सुरुवात करा आणि दर वेळी एक पिढी मागे सरका. आज घेणारा तो पुढच्या दस्तात विकणारा असतो.

पाच शिलिंगांचं कोडं नेहमीचं आहे आणि त्यात भलेभले फसतात. तुमच्याकडचा कागद बहुधा जोडीतला पहिला आहे. त्या काळी जमीन विकताना आदल्या दिवशी वर्षाचा नाममात्र भाडेपट्टा करत आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा उरलेला हक्क सोडून देणारं खत. भाडेपट्ट्याची रक्कम पाच शिलिंग, वर्षाचं भाडं एक मिरीचा दाणा, तेही मागितलं तर! खरी किंमत दुसऱ्या खतात. ही पद्धत १८४१ च्या कायद्यानंतर गेली. गठ्ठ्यात लागोपाठच्या दोन तारखांचे कागद पाहा, मोठा चामडी कागद म्हणजे सहसा हे दुसरं खत. दोन तारखा म्हणजे दोन विक्री नव्हेत.

तारखेतही खाच आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. दस्तावर १० फेब्रुवारी १७१० असेल तर आपल्या हिशोबाने ते १७११. जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख दोन्ही सालं देऊन लिहावी: १७१०/११. नाहीतर मुलगा बापाच्या आधी जमीन विकताना दिसतो आणि माणसं वंशावळ उगाच मोडून पुन्हा जोडत बसतात.

नोंद मिळालीच नाही तर? तीन कारणं असू शकतात. २१ वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे, ज्यांत भाडेकरू स्वतः राहत असे, ते नोंदवावे लागत नसत. काहींनी नोंदणी केलीच नाही. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं: ‘कॉपीहोल्ड’ जमीन. ही जमीन मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या न्यायालयात हस्तांतरित होई आणि तिची नोंद तिथल्याच गुंडाळ्यांत. तुमच्या शेजारच्या होमफर्थ भागातली पुष्कळ जमीन मॅनर ऑफ वेकफील्डखाली होती. त्या मॅनरच्या न्यायालयाच्या नोंदी १२७४ पासूनच्या आहेत आणि आता लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. कॉपीहोल्ड १९२६ मध्ये संपली.

होनलीची पूर्ण उतरंड अशी: होनली टाउनशिप, आल्मंडबरी पॅरिश, अॅगब्रिग वॉपनटेकचा वरचा विभाग, वेस्ट रायडिंग. दस्तात वॉपनटेक लिहिला नाही म्हणून काळजी नको. खरेदी-विक्रीला पॅरिश आणि टाउनशिप पुरे. वॉपनटेक लागतो कराच्या याद्यांत आणि न्यायालयाच्या कागदांत.

आधीच्या मालकांची मृत्युपत्रं हवी असतील तर रायडिंग विसरा. १२ जानेवारी १८५८ पूर्वी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत आणि चर्चचे विभाग निराळे. तुमच्या भागाची मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत आहेत. नॉर्थ रायडिंगच्या पश्चिमेकडचा माणूस असता तर ती रिचमंडच्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपखालच्या चर्च-अधिकाऱ्याच्या, दफ्तरात शोधावी लागली असती, आणि त्या दफ्तराचा यॉर्कशायरचा भाग लीड्सला आहे. चर्चच्या आणि सरकारी सीमा एकमेकींवर ठेवून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही. दोन पारदर्शक कागदांवर काढून एकावर एक ठेवा, फार वेळ वाचेल.

प्रश्न : डूम्सडेत अमुक गावाची जमीन ‘६ कॅरुकेट आणि २ बोव्हेट’ दिली आहे. एकरात किंवा गुंठ्यात किती? (एक अभ्यासक, कोल्हापूर)

बदलून लिहू नका, हे आधी सांगतो. कॅरुकेट म्हणजे एका नांगराची जमीन, आणि नांगर आठ बैलांचा. आपल्याकडच्या आठबैली नांगराची आठवण ठेवली की हिशोब लगेच ध्यानात येतो: एका बैलाच्या वाट्याची ती बोव्हेट, आठ बोव्हेटचा एक कॅरुकेट. तुमच्या गावाचे म्हणून ५० बोव्हेट.

पुस्तकी माप कॅरुकेटला १२० एकर आणि बोव्हेटला १५ एकर असं धरतात. पण डूम्सडेतला आकडा हा कराच्या आकारणीचा आहे, मोजणीचा नाही. हलक्या जमिनीत बोव्हेट मोठी असू शकते, भारीत लहान. सहाच कॅरुकेट आकारणीच्या दोन गावांचं प्रत्यक्ष क्षेत्र खूप वेगळं निघतं. गावागावांतल्या कराच्या बोज्याची तुलना करायला आकडा वापरा, क्षेत्रफळाला नको. दक्षिण इंग्लंडात याच जागी ‘हाइड’ येतो. पुढच्या शतकांतल्या दस्तांत बोव्हेटला ‘ऑक्सगँग’ म्हटलेलं सापडेल, वस्तू तीच.

प्रश्न : माझ्या यादीत ‘एन्स्टी’ असं येतं. ते कधी वेस्ट रायडिंगमध्ये, कधी यॉर्क शहराखाली. चूक कोणाची? (एक वाचक, ठाणे)

चूक कोणाचीच नाही, साल पाहा. ऊझ, व्हार्फ आणि निड या नद्यांमधला यॉर्कच्या पश्चिमेचा हा टापू मुळात वेस्ट रायडिंगचा वॉपनटेक. १४४९ मध्ये तो यॉर्क शहराला जोडला. यॉर्क ही स्वतःच एक काउंटी मानली जात असल्यामुळे एन्स्टी तिन्ही रायडिंगांच्या बाहेर पडलं. १८३६ मध्ये ते परत वेस्ट रायडिंगकडे आलं. अॅकम, बिशपथॉर्प आणि लाँग मार्स्टन ही तिथली गावं. २ जुलै १६४४ ची मार्स्टन मूरची लढाई एन्स्टीतच झाली.

हल हे बंदरही असंच. १४४० पासून ती वेगळी काउंटी, पण तिचे जमिनीचे दस्त बेव्हर्लीच्या ईस्ट रायडिंगच्या नोंदणीत. यॉर्क शहराला अशी कचेरीच नव्हती, म्हणून शहराच्या तटाआतल्या घराचं मेमोरियल शोधत बसू नये.

शिवाय ‘लिबर्टी’ आहेत. रिपन, किंवा कावुड, विस्टो आणि ऑटली. या मूळच्या आर्चबिशपच्या जहागिरी आणि त्यांचं न्यायदान काही अंशी स्वतंत्र. अॅलर्टनशायर आणि हाउडनशायर ही दोन नावं डरहॅमच्या बिशपच्या मालकीमुळे आली. ‘शायर’ म्हटलं म्हणून ती काउंटी होत नाही. शेफील्डभोवतीचं हॅलमशायर आणि रिचमंडभोवतीचं रिचमंडशायर यांनाही हेच लागू.

प्रश्न : इतर काउंट्यांतही रायडिंग होती का? (एक वाचक, पणजी)

लिंकनशायरचे तीन भाग आहेत: लिंडसे, केस्टिव्हन, हॉलंड. त्यांतल्या लिंडसेची पुन्हा नॉर्थ, वेस्ट आणि साउथ अशी तीन रायडिंगं. म्हणजे साउथ रायडिंग शोधायचंच असेल तर ते तिथे सापडेल, आणि ईस्ट नसेल. ससेक्सचे सहा ‘रेप’, केंटचे ‘लेथ’, आणि अगदी उत्तरेच्या काउंट्यांत ‘वॉर्ड’. आयर्लंडमधल्या टिपरेरीने मात्र दोनच विभागांना नॉर्थ आणि साउथ रायडिंग म्हटलं. शब्दाचा मूळ अर्थ तोवर विसरला होता.

प्रश्न : असईच्या लढाईतला वेलस्ली ‘वेस्ट रायडिंग’ पलटणीचा होता असं वाचलं. पण असईच्या पलटणींत हे नाव दिसत नाही. (एक वाचक, भोकरदन)

दोन्ही खरं आहे. १७८२ मध्ये ब्रिटिश पायदळ पलटणींना काउंट्यांची नावं जोडली. तेव्हा ३३ व्या पलटणीला ‘फर्स्ट यॉर्कशायर वेस्ट रायडिंग’, १९ व्या आणि ६५ व्या पलटणींना नॉर्थ रायडिंग आणि १५ व्या पलटणीला ईस्ट रायडिंग मिळालं. आर्थर वेलस्ली १७९३ पासून ३३ व्या पलटणीचा कमांडर होता आणि १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात ती पलटण होती. पण २३ सप्टेंबर १८०३ ला असईत राजाच्या फौजेतल्या पलटणी होत्या १९ वी लाइट ड्रॅगून्स, ७४ वी आणि ७८ वी. यांतल्या १९ व्या ड्रॅगून्सचा नॉर्थ रायडिंगच्या १९ व्या पायदळाशी संबंध नाही, ते घोडदळ.

शिंद्यांच्या फौजेशी वेस्ट रायडिंगचा संबंध येतो तो दुसरीकडे. ७६ वी पलटण १८०३ मध्ये जनरल लेकच्या हाताखाली अलीगढ, दिल्ली आणि लासवाडीला लढली. १८८१ मध्ये ती ३३ व्या पलटणीला जोडून वेस्ट रायडिंगची दुसरी बटालियन केली. नंतरच्या पुस्तकांत म्हणून ‘वेस्ट रायडिंग लासवाडीला होती’ असं येतं. १८०३ मध्ये ती नुसती ७६ वी होती. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला; ३३ व्या पलटणीला वेलिंग्टनचं नाव १८५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर मिळालं. पलटणीच्या नावात वेस्ट रायडिंग आहे म्हणून प्रत्येक शिपाई तिथला असेही धरू नये, भरती कुठेही होई. या पलटणीचं संग्रहालय हॅलिफॅक्सच्या बँकफील्डमध्ये आहे.

प्रश्न : वंशावळीत गावापुढे आज कोणती काउंटी लिहावी? एकाच गावाला तीन-तीन नावं मिळतात. (एक वाचक, लेस्टर)

घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशीचं नाव आधी लिहा, आजचं त्यानंतर. १ एप्रिल १९७४ रोजी तिन्ही रायडिंगांचा कारभार बंद झाला आणि नवी विभागणी आली. काही गावं तर यॉर्कशायरबाहेर गेली. सेडबर्ग आणि डेंट कंब्रियात, सॅडलवर्थ ग्रेटर मँचेस्टरमध्ये, बार्नोल्ड्सविक लँकाशायरमध्ये. ईस्ट रायडिंगचा बहुतेक भाग हंबरसाइड या नव्या काउंटीत गेला. लोकांना ती कधी मानवली नाही आणि १९९६ मध्ये ती मोडली. तेव्हा ‘ईस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर’ हे नाव परत आलं, पण जुन्या सीमा आल्या नाहीत. गूल हे मूळचं वेस्ट रायडिंगचं बंदर आज ईस्ट रायडिंगमध्ये आहे, आणि जुन्या ईस्ट रायडिंगमधलं फायली नॉर्थ यॉर्कशायरमध्ये. १९५० मधलं गूलचं जन्मस्थान ‘ईस्ट रायडिंग’ लिहिलं तर पुढचा शोधणारा बेव्हर्लीला जाईल आणि रिकाम्या हाताने परत येईल.

वंशावळीच्या कामात रायडिंगांसाठी तीन अक्षरी खुणा रूढ आहेत: डब्ल्यूआरवाय, एनआरवाय आणि ईआरवाय. रायडिंग कळत नसेल तेव्हाच नुसतं वायकेएस लिहा.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. तिचे जिल्हे रायडिंगांच्या सीमा जुमानत नाहीत. यॉर्कच्या नोंदणी जिल्ह्यात तर तिन्ही रायडिंगांतली गावं होती. १८५२ ते १९४६ च्या सूचीत खंडाचा क्रमांक पाहा: हडर्सफील्ड ९ए, लीड्स ९बी, शेफील्ड ९सी, यॉर्क आणि हल ९डी. आजोबांचा जन्म हडर्सफील्डचा सांगितला आणि सूचीत खंड ९डी निघाला, तर त्या नावाचा तो दुसराच माणूस आहे. दाखल्याचे पैसे भरण्याआधी हा आकडा तपासून घ्या.